फोटो उतरवायचा नाही

पत्राला उत्तर देणे हा माणसाचा पहिला धर्म आहे, असं सातपाटीचे पद्माकर तांडेल, म्हणजे आमचे नाना, मानतात, आणि हा धर्म त्यांनी आयुष्यात एकदाही मोडलेला नाही. बँकेचा 'अभिनंदन, आपले वैयक्तिक कर्ज मंजूर झाले आहे' असा मेसेज आला तरी ते उत्तर देतात. "आपला संदेश मिळाला. मला सध्या कर्जाची गरज नाही. आठवण ठेवल्याबद्दल आभारी आहे." असे मेसेज जिथून येतात तिथे उत्तर पोचत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितलं. तेव्हापासून ते पालघरच्या शाखेत जाऊन कागदावर उत्तर देतात आणि पोच मागतात.

एकदा त्यांना परदेशातली लॉटरी लागली. नानांनी कळवलं, "बक्षीस लागल्याचे वाचून आनंद झाला. तिकीट काढल्याचे स्मरत नाही. कृपया नोंदी तपासाव्यात." पलीकडच्या माणसानं लिहिलं, फक्त खाते क्रमांक पाठवा. नानांनी लिहिलं, "माझ्या पत्रातील दुसऱ्या मुद्द्याचे उत्तर आलेले नाही." असं तीनदा झाल्यावर लॉटरीवाल्यानं पत्रव्यवहार थांबवला. नाना पुढे महिनाभर त्याला स्मरणपत्रं पाठवत होते.

नाना बोईसरला आमच्या कारखान्यात आवक-जावक विभागात होते. विभाग म्हणजे ते आणि एक टेबल. एके दिवशी एसटी उमरोळीजवळ बंद पडली आणि ते उशिरा पोचले, म्हणून त्यांना मेमो निघाला. मेमो नियमानुसार जावक होण्यासाठी त्यांच्याच टेबलावर आला. नानांनी त्याला क्रमांक दिला, पाकिटात घातला, पाकीट स्वतःच्या हाती दिलं, वहीत पोचेची सही केली, मग पाकीट फोडलं, आणि आतला मजकूर वाचून त्यांचा चेहरा पडला. हे मी स्वतः पाहिलेलं आहे. मी तेव्हा खरेदी विभागात नवीन होतो आणि ही गोष्ट मी पुढे अनेक जेवणांच्या पंगतीत सांगून टाळ्या घेतल्या.

नानांची बायको कुसुमताई पालघरच्या बाजारात मासळी विकायची. मी माकुणसारचा, आमची वाडी केळीची आणि पानवेलींची. मासळीतलं मला कळतं असा माझा समज होता. दहा वर्षं मी दर रविवारी तिच्याकडून मासळी घेतली. "आमच्या यांच्या हापिसातलं सायेब" म्हणून ती एखादा मांदेलीचा वाटा वर टाकायची, आणि मी तरीही घासाघीस करायचो. तीन वर्षांपूर्वी ती गेली. मी भेटायला गेलो होतो. बाहेर मांडवात दहा मिनिटं बसलो.

सातपाटीत बायकांचा एक गट आहे, सुकी मासळी आणि मसाले विकणारा. कुसुमताई त्यात पहिल्यापासून होती. तिला लिहिता येत नसे, त्यामुळे गटाचे सगळे कागद घरी नानाच लिहायचे. ती गेल्यावर गटाच्या अध्यक्ष हिराबाई नानांना म्हणाल्या, "इतकी वर्सं चोरून लिवलात, आता उघड लिवा." अशा रीतीनं बायकांच्या गटात नाना हे एकटे पुरुष कारभारी झाले. नवा माणूस भेटला की ते स्वतःची ओळख करून देतात, "मी इथं अनुकंपा तत्त्वावर लागलोय." सगळे हसतात. मीही हसायचो.

गटाला वेबसाइट हवी होती. कारखान्याची वेबसाइट माझ्या गळ्यात पडलेली असल्यानं हे काम मला येतं असं ठरलं. मी ते फुकट केलं आणि फुकट करतोय हे सगळ्यांना कळेल याची काळजी घेतली. पहिल्या पानावर मोठा फोटो हवा होता. पालघरहून सातपाटीला जायला रिक्षानं अर्धा तासही लागत नाही, इथल्या कुणालाही विचारा. पण ऊन होतं. मी इंटरनेटवर शोधलं आणि कुणाच्या तरी प्रवासाच्या पानावर मला हवा तो फोटो सापडला. बांबूंवर जोडीजोडीनं लटकवलेले बोंबील, मागे समुद्र, आणि एक बाई दोन्ही हात वर करून बोंबील अडकवता अडकवता मान मागे टाकून हसतेय. फोटो उचलला आणि त्याखाली लिहिलं, 'कष्टातही हसणारी दर्याची लेक'. दुसऱ्यांच्या फलकांवरच्या अशा ओळींना मी आयुष्यभर नावं ठेवली आहेत.

सात-आठ महिन्यांनी गटाच्या ईमेलवर पत्र आलं. फोटो विकणाऱ्या कुठल्याशा परदेशी कंपनीच्या वतीनं वकिलांनी लिहिलं होतं: हा फोटो आमच्या अशिलाच्या मालकीचा आहे, आपण तो परवान्याशिवाय वापरलात, सोबत आपल्या पानाचं चित्र पुराव्यादाखल जोडलं आहे, चौदा दिवसांत अमुक रक्कम भरावी, फोटो आता काढून टाकला तरी झालेल्या वापराची भरपाई द्यावीच लागेल. त्या रकमेत होडीचं जुनं इंजिन आलं असतं.

नानांनी ते छापून, आवक क्रमांक टाकून, फाइलमध्ये घालून माझ्या घरी आणलं.

"राऊतसायेब, फोटो तुमी काढलेला काय?"

"नाही. नेटवरून घेतला."

"इचारून?"

"नाना, नेटवर कोण विचारतं?"

त्यांनी फाइलीत काहीतरी टिपून घेतलं. मला ते आवडलं नाही.

मी सांगितलं, अशी पत्रं हजारोंना जातात, कचऱ्यात टाका. नाना म्हणाले, "उत्तर तर गेलंच पायजे." मग मी सांगितलं, साइट कुणीतरी हॅक केली असं लिहू. नानांनी तेही टिपून घेतलं. शेवटी मी एक उत्तर तयार केलं. त्यात 'आमचे सर्व हक्क अबाधित ठेवून' होतं, 'सद्भावनेने' होतं, आणि आमच्या किनाऱ्यावर येऊन आमच्या भगिनीचा फोटो काढताना तुमच्या छायाचित्रकारानं कुणाची परवानगी घेतली होती, असा एक दणदणीत सवालही होता. मला ते फार चांगलं वाटलं. नानांनी दोनदा वाचलं.

"हे 'आमच्या सभासदाने सद्भावनेने' लिवलंय, ते कोण?"

"म्हणजे मी."

"तुमी सभासद नाय. गटात बायकाच हायत." मग थोड्या वेळानं, "आणि फोटोवाल्यानं परवानगी घेतलेली. त्यानं इचारलं होतं."

"तुम्हाला काय माहीत?"

"गावात समजतं," नाना म्हणाले.

गटाच्या खोलीत बैठक झाली. बायका बोंबील निवडत होत्या आणि माझ्याकडे एक-दोनदाच पाहत होत्या, ते जास्त लागलं. हिराबाई म्हणाल्या, "बाई आमची, बोंबील आमचं, दर्या आमचा. आनि पैसं त्याला?"

"कॅमेरा त्याचा," नाना म्हणाले.

"मग कॅमेरा ठेव म्हनावं त्याला."

दुसरी कुणीतरी म्हणाली, "सायेब शिकलेलं हायत. ते भरतील." सगळ्या हसल्या. मीही हसलो, आणि भरतो मात्र म्हणालो नाही.

पालघर कोर्टातल्या ओळखीच्या वकिलांना मी विचारलं. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. फोटो आधी उतरवा. मग हक्क त्यांचाच आहे याचा पुरावा मागा. मग घासाघीस करा. नानांना दुसरी आणि तिसरी गोष्ट पटली. पहिली नाही.

"फोटो उतरवायचा नाय."

"अहो नाना, तो त्यांचा आहे. चोरीचा माल आहे तो." हे मी म्हणत होतो.

"इचारू त्यांना. काय पैसं होतील ते भरून ठेवू. पण उतरवायचा नाय."

लाल शाई संपली तर हिरव्या शाईनं शेरा मारायला नकार देणारा हा माणूस. त्याला एकाएकी कायदा मोडावासा का वाटावा, हे मला कळेना. म्हातारपणी माणसं हट्टी होतात, असं मी घरी सांगितलं. चौदा दिवसांतले नऊ संपले होते आणि पत्रात उद्या माझं नाव आलं तर कारखान्यात काय म्हणतील, ही माझी खरी काळजी होती. पासवर्ड माझ्याकडे होता. दहाव्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, मी नानांना न विचारता फोटो उतरवला. त्याजागी निळ्या समुद्राचं एक फुकटात वापरता येणारं चित्र टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवरून फोन आला. "साहब, कोई नाना आये हैं. अंदर नहीं आ रहे, बोलते हैं पास बनाओ पहले."

सुरक्षारक्षकाच्या केबिनमध्ये नाना इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. जिथं बत्तीस वर्षं काम केलं तिथं पाहुण्यांचा पास छातीला लावून.

"फोटो दिसत नाय," ते म्हणाले.

"मी काढला. नाना, ते गरजेचं होतं."

"सकाळी उघडला. दिसला नाय. वाटलं, माझा मोबाइल बिघडला. हिराबाईच्या मोबाइलवर बघितलं." त्यांनी छातीवरचा पास सरळ केला. "रोज सकाळी बगतो मी."

"पण एवढं काय आहे त्या फोटोत?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखाद्या कागदावर सहीच नसावी तसं पाहिलं.

"सायेब, दहा वर्सं तुमी तिच्याकडून मासळी घेतलीत."

केबिनमधला पंखा मोठ्यानं फिरत होता. मी बाजारातली कुसुमताई आठवू लागलो. मला कोयता आठवला, पाटी आठवली, केसांतला भांग आठवला, बांगड्या मागे सारलेले हात आठवले. दर रविवारी मी वाकून माशाचे कल्ले लाल आहेत का ते पाहिलं होतं. चेहरा आठवेना. हात तरी ओळखायला हवे होते. फोटोत तर दोन्ही हात वर केलेले होते.

"तुमी ओळखूनच लावलात ना?" नाना म्हणाले. "साइट चालू झाली त्या दिवशी मी तुमाला आभाराचं पत्र दिलं होतं. 'योग्य छायाचित्र निवडल्याबद्दल.' बायका पण म्हणाल्या, सायबांनी आठवण ठेवली कुसुमची."

ते पत्र आलं होतं. नानांची आणखी एक गंमत म्हणून मी ते कचेरीत दोघांना वाचून दाखवलं होतं. उत्तर दिलं नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "ओळखलं होतं."

नानांनी अगदी साधेपणानं विचारलं, "मग उतरवलात कशाला?"

या एका प्रश्नाचं उत्तर मात्र नानांनी मागितलं नाही. "असू दे," म्हणाले, "घाबरलात तुमी." आणि पास परत करून, वहीत बाहेर जाण्याची वेळ लिहून निघून गेले. मी जागेवर जाऊन फोटो पुन्हा लावला. खालची दर्याची लेक पुसली आणि कुसुम पद्माकर तांडेल असं लिहिलं. ते टाइप करताना दोनदा चुकलं.

त्यानंतर मी नानांना म्हणालो, रक्कम मी भरतो. ते म्हणाले, "पावती कुणाच्या नावानं येणार?" आणि विषय संपला.

नानांनी कंपनीच्या वकिलांना स्वतःच्या इंग्रजीत उत्तर लिहिलं. त्याची प्रत मला आली. फोटो आम्ही न विचारता वापरला, ही चूक आहे. हक्क आपला असल्याचा कागद पाठवावा. फोटोतली स्त्री माझी पत्नी आहे, ती आता नाही, त्या दिवशी तुमचा माणूस बोंबलांच्या दोरीत पाय अडकून पडला म्हणून ती हसली होती. त्याला लागलं नव्हतं ना, हे कळवावं. फोटो काढून टाकण्याची आमची इच्छा नाही, तरी तो रीतसर ठेवण्याचा खर्च सांगावा. आणि शेवटचा मुद्दा असा: ज्या गृहस्थांनी हा फोटो लावला ते माझे जुने सहकारी आहेत, त्यांनी माझ्या पत्नीला ओळखून, केवळ आपुलकीनं तो लावला होता, तरी त्यांच्यावर दोष ठेवू नये.

माझी थाप आता जावक क्रमांकासह एका परदेशी वकिलाच्या दप्तरात आहे. ती मागे घ्यायची तर नानांना पत्र लिहावं लागेल, आणि नाना त्याला उत्तर देतील. मी अजून लिहिलेलं नाही.

वकिलांचं उत्तर बारा दिवसांनी आलं. त्यात सहानुभूतीची दोन वाक्यं होती. ती कुणी मनापासून लिहिली की सगळ्यांना तीच जातात, मला सांगता येणार नाही. फोटोवाल्याला लागलं होतं की नाही, याबद्दल काही नव्हतं. नाना त्या मुद्द्यासाठी स्मरणपत्र पाठवणार आहेत. वकिलांनी भरपाईची मागणी सोडली आणि नेहमीचं परवान्याचं शुल्क मागितलं. नानांनी ते आपल्या पेन्शनमधून भरलं.

परवाना एका वर्षाचा आहे आणि फक्त वेबसाइटपुरता. फोटो कागदावर छापायची परवानगी त्यात नाही, म्हणून नानांनी तो छापलेला नाही. घरात भिंतीवर कुसुमताईंचा आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावलेला आहे. त्यावर अजून तरी कुणी हक्क सांगितलेला नाही.