दहापैकी दोन

माणसाच्या मनाचा तोल कधी जाणार, हे मी आठ दिवस आधी सांगू शकतो, असं मी चारचौघांत छाती पुढे काढून सांगत असे. माझं संशोधनच ते. मन सरळ रेषेत बिघडत नाही. दुधासारखं असतं ते. बराच वेळ गप्प, आणि मग एकदम उतू! त्याआधी मात्र ते डगमगतं, आकडे वरखाली होतात, आणि नेमकं तेच माझं गणित पकडतं.

"काल दूध उतू गेलं तेव्हा समोर तूच उभा होतास," बायको म्हणाली. घरात संशोधकाला कोण विचारतो?

आई गेल्यापासून बाबा एकटे राहत होते. गणिताचे निवृत्त मास्तर. काहीही विचारा, "बरा आहे" एवढंच उत्तर. मला काळजी पोखरत होती, म्हणून त्यांनाही अभ्यासात घेतलं. ऑफिसचा कॉम्प्युटर दिवसातून पाचदा त्यांना माझ्या नावाने संदेश पाठवायचा : 'कसं वाटतंय? दहापैकी गुण द्या.'

दोन महिने नऊ, नऊ, दहा. मी निर्धास्त. मग एका आठवड्यात दोन, नऊ, एक, दहा, दोन. आलेख चांगलाच डगमगत होता. याच खुणेवर मी तीन शोधनिबंध लिहिले होते. मीटिंग अर्ध्यात टाकून धावलो, तो चुकून साहेबांचा चष्मा घालून. रस्ता धूसर दिसत होता. चष्म्यामुळे की रडू आल्यामुळे, कळेना.

बाबा खुर्चीत पेपर वाचत होते.

"बाबा, दोन का दिलेत?"

"सातचा संदेश साडेनऊला आला. उशिरा वही आणणाऱ्याला मी तेवढेच देतो."

"म्हणजे गुण मला देत होतात?"

"तूच मागितलेस ना? मुलगा दिवसातून पाचदा चौकशी करतो, छानच वाटायचं. या आठवड्यात मात्र ढेपाळलास. म्हटलं, पोराला बरं नाही की काय."

ढेपाळला होता ऑफिसचा कॉम्प्युटर. ते सांगायला मी तोंड उघडलं आणि मुकाट्याने मिटलं. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

मी त्यांच्याजवळ बसलो. "तुमचं मन कसं आहे, बाबा? खरं सांगा."

त्यांनी पेपराची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"साडेतीन," ते म्हणाले. "काठावर पास. तिच्यावाचून घर खायला उठतं रे."

तेव्हापासून मी रोज संध्याकाळी जातो. काल धीर करून विचारलं, "आता किती?"

"चार," बाबा म्हणाले. "त्यातला अर्धा ग्रेसचा."