स्वप्नातले बोंबील

"काल स्वप्नात दोन सुके बोंबील खाल्ले. ते पथ्यात धरायचे का?" डॉक्टरीणबाईंच्या समोर बसल्याबसल्या दामूकाकांचा हा पहिला प्रश्न असायचा.

काका नरपडला आमच्या शेजारी राहतात. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले, घरात एकटेच. त्यांचं ब्लडप्रेशर दिवसा सज्जनासारखं वागतं, रात्री चढतं. बाईंनी दंडाला दिवसरात्र मशीन बांधून ते पकडलं. सकाळी काका म्हणाले, "रात्रभर कोणीतरी दंड दाबून उठवत होतं, स्टेशन आलं म्हणून."

मग मीठ कमी झालं, पापड-बोंबील बंद झाले, रात्रीची गोळी आली. काकांना स्कूटरवरून डहाणूला नेणं माझ्याकडे आलं. सुरूच्या झाडांतून जाताना ते मागून स्वप्नं सांगत. एकदा समुद्र ओहोटीला गेला तो परतलाच नाही, ओल्या वाळूवर लांबवर बोंबील वाळत पडलेले. एकदा वाडीतल्या चिकूंना पापड लागले होते.

पुढच्या तपासणीलाही रात्रीचं प्रेशर तसंच.

"गोळी घेता ना?" बाईंनी विचारलं.

"घरात आहे," काका म्हणाले.

"काका, असंच चाललं तर एखाद्या सकाळी हातपाय हलायचे नाहीत."

परतताना काकांनी किनाऱ्याशी स्कूटर थांबवायला लावली. "गोळी घेतली की स्वप्न पडत नाही गं."

"मग बरंच की. बोंबील टळतील."

"मी कुठे मागतो? ती वाढते."

ती म्हणजे काकी, दोन वर्षांपूर्वी गेलेल्या. माहेर उंबरगावचं, त्यामुळे आग्रह गुजरातीत. "लो ने, एक वधारे, म्हणते. अजून एक घ्याच म्हणून ताटावरून उठू देत नाही."

भरतीचं पाणी हळूहळू वर सरकत होतं. मी म्हटलं, "काकी आज असत्या तर बोंबील वाढले असते?"

काका पाण्याकडे बघत म्हणाले, "गोळी हातावर ठेवली असती. गिळेपर्यंत हलली नसती."

तेव्हापासून ते गोळी घेतात. प्रेशर उतरलंय. स्वप्नं मात्र पडत नाहीत म्हणे.

काल दुपारी वाडीत पानही हलत नव्हतं. काका आमच्या ओट्यावर येऊन बसले. "आता तिला जागेपणी आठवावं लागतं," म्हणाले. "बरंच निसटतं. तुला काही आठवतं का तिचं?"

"आठवतं ना. आमच्या मांजरीशीसुद्धा गुजरातीत बोलायच्या."

काका हसले. भिंतीला टेकून त्यांनी डोळे मिटले.

"सांग पुढे," म्हणाले.