दादारावांची दुसरी नळी

आमच्या अकोटच्या गल्लीत सकाळी सगळ्यांच्या घरी चहा उकळायचा. दादारावांच्या ओट्यावर लघवी उकळायची. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात तो ऐवज चार-दोन थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. साखर नसेल तर रंग निळाच राहतो; असेल तर हिरवा, पिवळा आणि फारच असेल तर विटकरी. दादारावांचा कायम विटकरी. नळी उन्हात धरून ते मला हाक मारत, "पाहा गुरुजी, पुन्हा वीट! येवढ्या विटांत माहा बंगला झाला असता."

मधुमेहाचा हा रोग त्यांना कोवळ्या वयातच जडला आणि मागोमाग धाकट्या बहिणीला, वच्छीलाही. दोघांना रोज इन्सुलिनची सुई. भाकर एकाच तव्यावरची, सुई एकाच पातेल्यात उकळलेली. पण वच्छीची नळी निळी ती निळीच. चोरून पुरणपोळी खाल्ली तर फार तर हिरवट.

"माय एक, बाप एक, सुई एक," दादाराव डॉक्टरांवर उखडले, "मंग तिची साखर गाय अन् माही काहून सांड?"

"असेल रक्तातच काही फरक," डॉक्टर म्हणाले. "एका आईबापाची लेकरं सगळी सारखी कुठं असतात?"

तेव्हापासून "रक्ताचा गुण हाय, बाप्पा!" हे पालुपद सुरू झालं. दादाराव जिनिंगच्या कारखान्यात कापसाचा वजनकाटा सांभाळत. गाडीवान हुज्जत घालू लागला, रक्ताचा गुण. एस.टी. उशिरा आली, तर म्हणे ड्रायव्हरचा बापही बैलगाडी उशिराच आणायचा.

वच्छीला अमरावतीचं स्थळ आलं. रोग लपवायचा नाही, हा दादारावांचा हट्ट. पाहुण्यांपुढे चहा-पोहे आले आणि मागोमाग नळी घेऊन दादाराव.

"पोरीले गानं येते का?" मुलाच्या मामांनी विचारलं.

"येते ना! पन आंधी हे पाहा. निळी!"

मामांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. मुलगा मात्र भला निघाला. म्हणाला, "सुई द्यायचं मी शिकून घीन." लग्न पार पडलं. स्वतःच्या लग्नाचा विषय दादारावांनी कुणाला काढू दिला नाही. "माह्या लेकराच्या वाट्याले माहीच साखर आली तं?" एवढंच एकदा बोलले आणि कापसाच्या भावावर घसरले.

पहिल्या भाऊबीजेला त्यांनी बहिणीच्या घरी पिशवीतून साडीच्या आधी स्पिरिटचा दिवा काढला. सासूबाई हबकल्याच. वच्छीची नळी निळी निघाली तेव्हा कुठे हा गृहस्थ ओवाळून घ्यायला पाटावर बसला. पुढे मेहुण्यांची बदली नागपूरच्याही पलीकडे झाली आणि भाऊबीजा चुकू लागल्या.

मग ओट्यावर दोन नळ्या दिसू लागल्या. एक विटकरी, एक निळी. निळी नंतरच्या तपासणीची समजून मला आनंदच झाला. "दादाराव, आली बुवा साखर ताळ्यावर!"

"कायची येते! त्यात नुसतं पानी हाय, गुरुजी. पान्यात औषध उकळलं का निळंच रायते."

"मग उकळता कशाला?"

"वच्छी होती तवा दोन नळ्या राहत." त्यांनी निळी नळी उन्हात धरली. "चिठ्ठीत ती 'बरी हाय' लिवते. रंग कुठी लिवते? म्हनून मी इथंच पाहून घेतो."

जिनिंगचा भोंगा झाला. दादारावांनी दिवा विझवला, विटकरी नळी ओतून टाकली आणि निळी तशीच ओट्यावर ठेवून ते कामावर गेले.