फणसाची तालीम

बायको योगिनीला आणि चार महिन्यांच्या लेकीला, दिशाला, पावसच्या माहेराहून रत्नागिरीला आणायचं, तर आधी एक तालीम करून घ्यावी, असं मी ठरवलं. बिघडलं ते तिथूनच.

मी बर्फाच्या कारखान्यात कामाला. शाळा नववीत सुटली. बेबी सीटची पुस्तिका इंग्रजीत होती, पण चित्रं होती. सीट मागे लावायची, बाळाचं तोंड उलटं. गाडीत पुढे ऊन अडवायची झडप असते, तिच्यावरही एक चित्र होतं: पुढे बसवलेलं बाळ आणि त्यावर लाल फुली. एअरबॅग फुगली तर तिचा तडाखा एवढ्याशा जिवाला झेपत नाही. (ते चित्र पाहिल्यापासून दोन दिवस मला जेवण गेलं नाही.)

दिशाचं वजन सहा किलो. घरात सहा किलोचं काय, तर परसातला फणस. सकाळी तो काढला, दुपट्यात गुंडाळून सीटमध्ये बसवला, पट्टे लावले आणि वीसच्या स्पीडने भाट्याच्या पुलापर्यंत जाऊन आलो. हातांना, बकलांना चीक लागला होता, तो फडक्याने पुसला. (असं मला वाटलं.)

पावसला सासरे तयारच होते. "पोर पुढे, माझ्या मांडीवर. आमची तिन्ही मांडीवरच आली."

सासऱ्यांसमोर 'होय' सोडून दुसरा शब्द मी आजवर काढला नव्हता.

"नको, बाबा," मी म्हणालो. "पुढे एअरबॅग आहे. दिशा मागेच बसेल. तुम्ही पुढे बसा. पट्टा लावा."

ते पुढे बसले. मग त्यांनी गुपचूप पट्टा लावला. आरशात योगिनी डोळे पुसताना दिसली.

घरी आई भाकरतुकडा घेऊन दारात उभी. मागून योगिनी म्हणाली, "अहो, दिशाचं बकल उघडत नाही."

"लाल बटण दाब."

"दाबलं. हे चिकट काय आहे?"

"फणस."

"फणस?"

"तालीम केली होती. जराही हलला नाही तो."

सासरे खाली उतरून वाकले. "पोरीच्या जागी फणस, जावईबापू?"

"वजन सारखं होतं, बाबा."

आईने खोबरेल आणून बकलात सोडलं. टक्. दिशा झोपेतच बाहेर आली. सासरे माझ्या खिडकीशी थांबले आणि हळूच म्हणाले, "मागेच बसवत जा हो तिला."

ओवाळून सगळे आत गेले. मी इतका वेळ जागेवरूनच का बोलतोय, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. हाक मारायची लाज वाटली, म्हणून योगिनीला फोन लावला. "खोबरेल उरलंय का?"

ती आली. खिडकीतून माझा पट्टा पाहिला आणि घराकडे वळून म्हणाली,

"आई, एक फणस अजून गाडीतच आहे."