पाळकीणबाईंचं आमंत्रण

पाळकीणबाईंना कुणाचाही हेवा वाटत नसे. हे त्या स्वतःच सांगत, आणि दिवसातून दोनतीनदा सांगत. "माझा तो स्वभावच नाही! डॉक्टरीणबाईंना इथली भाषा येते, येऊ दे बापडी. माझं काय जातं?" असं म्हणताना त्या कणीक अशी काही तिंबत, की पाळकसाहेबांना परातीची दया येई.

तिथलं चर्च सांभाळायला मिशननं पाळकसाहेब, पाळकीणबाई आणि सात वर्षांची चिमी यांना परदेशी धाडलं, त्याला दोन वर्षं होत आली होती. माहेर दोन विमानं आणि एक रात्रभराची बस इतकं लांब. धाकट्या बहिणीचं लग्न बाईंनी फोनवर पाहिलं. फोन मामांच्या हातात होता, त्यामुळे अर्धा वेळ छत दिसलं आणि अर्धा वेळ मामांचा कान. इथे आपलं म्हणावं असं कुणी नाही. म्हणून मिशनच्या दवाखान्यात आपल्याकडचे डॉक्टर येणार, आणि ते सहकुटुंब शेजारच्याच घरात राहणार, हे कळलं तेव्हा बाईंना आकाश ठेंगणं झालं. पहिल्या दिवशी त्यांनी डॉक्टरीणबाईंना अशी मिठी मारली की दोघींच्या बांगड्या एकमेकींत अडकल्या!

हा उमाळा तीन आठवडे टिकला.

चौथ्या आठवड्यात डॉक्टरीणबाई कोपऱ्यावरच्या पाववाल्याशी त्याच्या भाषेत बोलल्या, आणि पाववाला हसला. पाळकीणबाई सव्वा वर्ष त्याच्याकडून पाव घेत होत्या. त्याला दात आहेत हे त्यांना त्या दिवशी कळलं! तिसऱ्या महिन्यात डॉक्टरीणबाई बायकांच्या सभेत गोष्टी सांगू लागल्या. आणि सहाव्या महिन्यात त्यांना दोन दिवस ताप आला, तर अकरा माणसं समाचाराला येऊन गेली. अकरा! पाळकीणबाईंनी खिडकीच्या पडद्याआडून स्वतः मोजली. त्यांची स्वतःची कंबर धरली होती तेव्हा नऊ दिवस त्या अंथरुणाला खिळून होत्या. त्या नऊ दिवसांत एकटा पोस्टमन आला, आणि त्यालाही सही हवी होती.

"अहो," त्या साहेबांना म्हणाल्या, "मी चहापानाचं आमंत्रण देणार आहे. चर्चच्या सगळ्या मंडळीला. आपल्या घरी, पुढच्या शनिवारी."

"छान!" साहेब बॅग भरत होते. डोंगरापलीकडच्या छोट्या मंडळीकडे त्यांना आठ दिवस जायचं होतं. तिथे फोन लागत नसे. "सुतारकाकांना सांग, ते उपासनेत जाहीर करतील."

"मी करणार जाहीर. इथल्या भाषेत. कागद न घेता!"

साहेबांच्या हातातला मोजा तसाच राहिला. "अगं, मग डॉक्टरीणबाईंना एकदा ऐकव तरी. त्या तपासून..."

"का? त्यांनी काय भाषेचा मक्ता घेतलाय?"

साहेब संसारी माणूस होते. त्यांनी मोजा बॅगेत घातला आणि बसच्या वेळेआधी तासभर घर सोडलं.

बाई शब्दकोश घेऊन बसल्या. आधी आमंत्रण मराठीत लिहिलं, अगदी चार पाहुण्यांत शोभेल असं: शनिवारी चार वाजता आमच्याकडे या. घर तुमचंच आहे. संकोच करू नका, हवं ते हक्कानं घ्या. आम्ही आता परके राहिलो नाही. मग एकेक शब्द शोधून खाली त्यांच्या भाषेतला शब्द बसवला, भिंतीत विटा बसवाव्या तसा. रात्रीपर्यंत पाठ झालं. झोपेतही त्या चुकल्या नाहीत, असं चिमीचं म्हणणं.

रविवारी साहेबांच्या गैरहजेरीत सुतारकाका उपासना चालवत होते. ते मंडळीतले वडीलधारे. हात फळीसारखे, आवाज मात्र लोण्यासारखा. चिमी मागच्या खोलीत मुलांच्या वर्गात होती. बाई उठल्या, पदर सावरला आणि एका दमात बोलून मोकळ्या झाल्या.

सगळीकडे शांतता पसरली. अशी शांतता साहेबांच्या प्रवचनालाही कधी पसरली नव्हती! मग पहिल्या बाकावरच्या शिंपीणआजींनी रुमाल डोळ्यांना लावला. मागून कुणीतरी हुंदका दिला. सुतारकाका बराच वेळ छताकडे बघत उभे राहिले.

'बघा!' बाई मनात म्हणाल्या. 'भाषा पोहोचली की कशी काळजाला भिडते!'

बाहेर पडताना डॉक्टरीणबाईंनी त्यांना गाठलं. चेहरा उतरलेला. "वहिनी, तुम्ही आत्ता जे बोललात... ते खरंच का? की शब्दांत काही..."

इथे पाळकीणबाईंनी नुसतं "का हो?" विचारलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण त्यांना वाटलं, आली! चुका काढायला आली! "शब्दन् शब्द खरा आहे," त्या ताठ मानेनं म्हणाल्या. "नीट विचार करूनच बोललेय मी."

डॉक्टरीणबाईंचे डोळे भरून आले. त्या वळून निघून गेल्या.

'जळली!' पाळकीणबाई घरी येऊन एकट्याच गाणं गुणगुणत भांडी घासू लागल्या.

तो आठवडा त्यांच्या आयुष्यातला सोन्याचा आठवडा. सोमवारी पाववाल्यानं एक पाव जास्त दिला, पैसे घेतले नाहीत आणि त्यांचा हात हातात धरून ठेवला. मंगळवारी पोस्टमननं सायकल थांबवून टोपी काढली. बुधवारी सुतारकाका घरी आले, चहा घेतला आणि झोपायच्या खोलीतल्या कपाटाची लांबी-रुंदी मोजून गेले. गुरुवारी शिंपीणआजी आल्या. पडद्याचं कापड बोटांनी चाचपून, मान हलवत, डोळे पुसत गेल्या.

बाईंनी लगेच आईला फोन लावला. "आई, मंडळी मला नवं कपाट देतेय! आणि पडदे! डॉक्टरीणबाईंना अजून साधी उशीसुद्धा कुणी दिलेली नाही!"

शुक्रवारी चिमी शाळेतून आली ती गळ्यात मैत्रिणीची माळ घालून. "आई, ती म्हणते, आता आपण..."

"नंतर, चिमे! केक करपेल!"

शनिवारी चाराच्या ठोक्याला दार वाजलं. बाईंनी उघडलं, आणि त्यांची छाती अभिमानानं फुगली. चाळीसएक माणसं! कुणाच्या हातात फुलं, कुणाच्या हातात डबा. सुतारकाकांच्या खांद्यावर दोरखंड. फाटकापाशी दोन हातगाड्या. 'कपाट आणलं वाटतं,' बाईंना वाटलं. हातगाड्या रिकाम्या होत्या हे मात्र त्यांच्या लक्षात आलं नाही. आनंदात माणसाला एवढं कुठे दिसतं!

"घ्या, हवं ते घ्या!" बाई सगळ्यांना आग्रह करत होत्या. केक संपला. चहा दोनदा झाला. सुतारकाकांनी प्रार्थना केली. बाईंना तिथली भाषा रुपयात चार आणे कळे, त्यात 'प्रवास' हा शब्द त्यांनी तीनदा ऐकला. साहेब आज परत येणार म्हणून असेल, असं त्यांना वाटलं. मग एक गीत झालं. गीत संपलं तशी एकेक बाई येऊन त्यांना मिठी मारून रडू लागली. शिंपीणआजी तर अशा बिलगल्या की बाईंचं मंगळसूत्र त्यांच्या लोकरीच्या शालीत गुंतलं.

ते सोडवून बाईंनी मान वर केली, तर समोरून त्यांचं कपाट चाललं होतं.

चौघांच्या खांद्यावर! मागोमाग खुर्च्या. मग चिमीचं टेबल. पाववाला घड्याळ छातीशी धरून निघाला होता. दोन जवान गडी पलंग आडवा करून दारातून काढत होते आणि पोस्टमन त्यांना "डावीकडे, डावीकडे!" अशा खुणा करत होता.

"अहो! अहो, हे काय!" बाई मराठीत ओरडल्या. 'थांबा'ला काय म्हणतात? दोन वर्षं पाठ केलेला सगळा शब्दकोश डोक्यातून उडाला, चुलीवरच्या दुधासारखा उतू गेला! तोंडाला इथल्या भाषेतलं एकच वाक्य आलं, आठवडाभर घोटलेलं. त्या जिवाच्या आकांतानं ओरडल्या: "हवं ते हक्कानं घ्या!"

लोकांना आणखीच गहिवरून आलं. पडदेही निघाले.

बाईंना रडू फुटलं. त्या रडतात म्हणून शिंपीणआजी रडल्या, आजी रडतात म्हणून सगळे रडले. कुणीतरी पुन्हा गीत सुरू केलं. तेवढ्यात चिमी अंगणातून धावत आली.

"आई, आपण कुठे चाललोय? माझं टेबल का नेतायत?"

"मला काय विचारतेस? त्यांना विचार!"

चिमीनं सुतारकाकांना विचारलं आणि आईकडे वळली. "ते म्हणतात, तूच चर्चमध्ये सांगितलंस. घर आता तुमचं, हवं ते घेऊन जा, आम्ही परकी माणसं आता राहणार नाही."

बाई भिंतीला टेकल्या. बसायला खुर्ची उरली नव्हती.

शिंपीणआजी त्यांचा हात धरून काहीतरी बोलत होत्या. चिमी सांगू लागली, "आजी म्हणतात, शिंपीआजोबा वारले तेव्हा सगळे येऊन काय काय बोलून गेले. तू एकटीच काही बोलली नाहीस. रोज दुपारी नुसती शेजारी बसायचीस आणि त्यांची बटणं निवडून द्यायचीस. आता कोण बसणार, म्हणतात."

बाईंना ते दिवस आठवले. बोलायला शब्द नव्हते म्हणून त्या गप्प बसायच्या, आणि घरी येऊन त्याच लाजेनं रडायच्या. कुणाला ते हवंसं वाटलं असेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. आता खरं सांगून टाकावं, हेच योग्य होतं. पण खरं सांगितलं की हे रडणं थांबणार! दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आपल्यासाठी रडतंय. आणखी पाच मिनिटं रडू द्यावं की! कपाट काय, फाटकापर्यंतच गेलंय.

आणि तेवढ्यात मनातला तो जुना किडा वळवळला.

"चिमे," त्या कुजबुजल्या, "सुतारकाकांना हळूच विचार. डॉक्टरीणबाई गेल्या तर एवढंच रडाल का?"

चिमीला हळू बोलणं माहीत नव्हतं. तिनं भर खोलीत खणखणीत आवाजात विचारलं! सगळ्यांच्या माना वळल्या, कारण डॉक्टरीणबाई दारातच उभ्या होत्या. बाईंना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

सुतारकाकांनी घसा खाकरून उत्तर दिलं. चिमी म्हणाली, "ते म्हणतात, त्या गेल्या तरी रडू. पण त्या निदान पत्र लिहितील, आम्हाला वाचता येईल असं. तू गेलीस की गेलीसच. म्हणून जास्त."

डॉक्टरीणबाई पुढे आल्या. नाक लाल झालेलं. "खरं सांगू वहिनी? आठवडाभर मी जळतेय. आल्यापासून मी यांच्याशी बोलतेय, बोलतेय, बोलतेय. माझ्यासाठी असा हुंदका कुणी दिला नाही." मग त्या ओशाळल्या. शालीखालून त्यांनी पोळपाट-लाटणं बाहेर काढलं. "आणि हे मी घेतलंय. तुम्ही हवं ते घ्या म्हणालात म्हणून. मी इथे ताट पालथं घालून पोळ्या लाटते हो!"

पाळकीणबाई पोळपाटाकडे बघत राहिल्या. मग दोन वर्षांतलं सगळ्यात अवघड वाक्य बोलल्या, तेही मराठीत. "डॉक्टरीणबाई, आम्ही कुठेही जात नाही. माझं चुकलं. तुम्हीच सांगा त्यांना. तुम्हाला नीट सांगता येतं."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.  आधी पाववाला खदखदून हसला. मग सुतारकाका, मग सगळी खोली! शिंपीणआजी हसता हसता जमिनीवर बसल्या, आणि त्यांना उठवायला गेलेला पोस्टमनही शेजारी बसला.

पाळकसाहेब बसमधून उतरले ते याच सुमाराला. चौकात त्यांना पलंग भेटला. दोन गडी तो घेऊन घाम पुसत उभे होते.

"हा पलंग कुठला रे?" साहेबांनी विचारलं.

"पाळकसाहेबांचा," एकजण म्हणाला, आणि मग नीट बघून त्यानं साहेबांना मिठीच मारली. "जाताना निदान आम्हाला तुम्ही स्वतः सांगायचं होतं!"

मिशननं आपल्याला परत बोलावलं, अशी साहेबांची खात्री पटली.  ते भर चौकात स्वतःच्या पलंगावर मटकन बसले, आणि पलंग परत न्यायचा निरोप घेऊन चिमी धावत येईपर्यंत तसेच बसून राहिले.

तासाभरात घर भरलं. कपाट परत आलं तेव्हा त्याचं करकरणारं दार सुतारकाकांनी वाटेतच नीट करून टाकलं होतं. पडदे परत आले ते गुडघ्यापर्यंतच. आजी चपळ! त्यांनी तेवढ्यात ते स्वतःच्या खिडकीच्या मापानं कापलेही होते. पोळपाट मात्र डॉक्टरीणबाईंकडेच गेला. लाटणं पाळकीणबाईंनी ठेवून घेतलं. त्यामुळे तेव्हापासून पोळ्यांना दोघींना एकत्र बसावं लागतं.

सगळे गेल्यावर साहेब भलत्याच खोलीत ठेवलेल्या पलंगावर बसून चहा पीत होते. बाई बराच वेळ आखूड पडद्यांकडे बघत होत्या.

"अहो," त्यांनी शेवटी विचारलं, "आपण खरोखरीच जाऊ, तेव्हा पुन्हा एवढे रडतील का हो?"

साहेबांनी विचार केला. ते खोटं बोलत नसत, हा त्यांचा एक मोठाच दोष होता. "लगेच नाही रडणार. आधी तीनतीनदा विचारून खात्री करून घेतील."

"आणि डॉक्टरीणबाई निघाल्या तर?"

"त्यांचं बोलणं लोकांना पहिल्याच फटक्यात कळतं," साहेब बशीत चहा ओतत म्हणाले. "त्यांच्या वेळी ताबडतोब रडतील."

बाईंनी त्यांच्या हातातली कपबशी काढून घेतली आणि स्वयंपाकघरात नेऊन विसळून टाकली.