देव आधी, बाकीचं मागून

ट्रक कसा भरावा हे मला कुणी शिकवू नये. नांदेडच्या एमआयडीसीत मी डिस्पॅचचा सुपरवायझर होतो, आणि मी भरलेल्या ट्रकमध्ये कधी बोटभर पोकळी राहिली नाही की एखाद्या खोक्याचा कोपरा दबला नाही. खात्यात नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी त्याला मोकळ्या ट्रकसमोर उभं करायचो आणि एकच वाक्य पाठ करून घ्यायचो. जे आधी उतरवायचं, ते शेवटी चढवायचं! हे एवढं कळलं की डिस्पॅच कळलं, असं मी सांगायचो आणि लोक माना डोलवायचे.

पुढे चाकणच्या कंपनीत नोकरी लागली, पुण्याजवळ रावेतला स्वतःचा फ्लॅट झाला आणि बिऱ्हाड हलवायची वेळ आली, तेव्हा वर्षालीने, म्हणजे माझ्या बायकोने, एखाद्या पॅकिंगवाल्याला फोन करू का म्हणून विचारलं. मला ते फार लागलं. पोहणाऱ्याच्या घरात कुणी टबाला शिडी लावावी तसं वाटलं! मी म्हणालो, तू फक्त चहा कर, बाकी माझ्यावर सोड. तिने चहा ठेवला.

डिसेंबरची सकाळ होती. नांदेडात तोंडातून वाफा निघत होत्या. ट्रकवाला रोहिदास कानाला मफलर गुंडाळून अंगणात शेकत बसला होता, आणि शेकोटीत माझे दुमडून ठेवलेले पुठ्ठे जळत होते. ते विझवून मी कामाला लागणार, तोच आई देवघरातल्या देवांचा पितळी डबा छातीशी धरून बाहेर आली.

आमची आई, सुभद्राबाई, भाड्याच्या खोल्यांमधून आयुष्यभर हे देव हलवत आली आहे. घरमालक बदलले, गल्ल्या बदलल्या, देव तेच. या वेळी पहिल्यांदाच देव स्वतःच्या घरात जाणार होते. त्यामुळे ती महिनाभर हवेतच होती. खरं सांगायचं तर आम्ही तिघंही होतो. तिला देव मांडीवर घेऊन रेल्वेने यायचं होतं. मी म्हणालो, गाडीत लोकांचे पाय लागतील, वरच्या बर्थवरून कुणाची चप्पल पडेल, माझ्या पॅकिंगमध्ये देव जास्त सुरक्षित राहतील.

"बरं," ती म्हणाली. "पण मग देव आधी चढतील. त्यांच्या आधी एक काडीसुद्धा ट्रकात जायची नाही."

यात चुकीचं काय होतं? काहीच नाही! मी नारळ फोडला, डब्याला फुग्यांच्या प्लॅस्टिकचे थरावर थर दिले, तो खोक्यात, ते खोकं दुसऱ्या खोक्यात ठेवलं, हात जोडले आणि ट्रकमधली सगळ्यात मानाची, सगळ्यात सुरक्षित जागा देवांना दिली. अगदी पुढे, ड्रायव्हरच्या केबिनला लागून, दोन गोधड्यांच्या मध्ये. मग त्यांच्यामागे कपाटं, दिवाण, फ्रिज, कूलर, सोफा, गाद्या असं सगळं एकमेकांत इतकं घट्ट बसवलं की रोहिदाससुद्धा म्हणाला, भाऊ, यात आता मुंगी शिरायची नाही. दार लावताना माझा ऊर भरून आला होता.

आम्ही तिघं रेल्वेने निघालो, ट्रक मागून निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रावेतला पोहोचलो, तो मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता. नांदेडच्या गुरुजींनी सांगितलं होतं की देव दुपारी बाराच्या आत नव्या घरात गेले पाहिजेत. त्यानंतर दिवस चांगला नाही, आणि मग पौष लागतो. आईच्या हिशेबात पौषात देव नव्या घरात जात नाहीत. आईने दारातच सांगून टाकलं की आधी देव आणि पाण्याचा तांब्या आत जाणार, मग माणसं, मग सामान. वेळ चुकली तर ती आल्या पावली नांदेडला मामाकडे जाणार आणि पौष सरल्यावर येणार. हे तिने रागाने सांगितलं असतं तर मी समजूत घातली असती. तिने ते शांतपणे सांगितलं आणि सातव्या मजल्यावर, आमच्या बंद दारासमोरच्या गार फरशीवर, पिशवी अंथरून बसली. गुरुवारचा उपास. थंडीने बोटं निळी पडलेली. पण चेहरा असा फुललेला की मला तिच्याकडे बघवेना.

मी म्हणालो, आई, काळजी करू नको, ट्रक सकाळीच येतो आहे.

ट्रक सकाळी आला नाही. शहरात अवजड वाहनांना बंदी असते म्हणून मी हुशारीने रोहिदासला शिक्रापूर-चाकण रस्त्याने पाठवलं होतं. तो चाकणच्या चौकात नव्या कोऱ्या गाड्यांनी भरलेल्या दोन ट्रेलरांच्या मध्ये अडकला. मी दर थोड्या वेळाने फोन करत होतो आणि तो दर वेळी सांगत होता की चौक दिसतोय. शेवटी साडेदहाच्या सुमारास ट्रक सोसायटीच्या गेटवर आला. मी धावत गेलो, ऐटीत दार उघडलं. एक खोकं हललं नव्हतं! मी अभिमानाने वर्षालीकडे वळलो.

"देव कुठं आहेत?" तिने विचारलं.

मी बोट आत केलं. गाद्यांच्या, सोफ्याच्या, कूलरच्या, फ्रिजच्या, दिवाणाच्या आणि दोन कपाटांच्या पलीकडे. माझं बोट तसंच हवेत राहिलं.

वर्षालीने मनगटावरचं घड्याळ माझ्यापुढे धरलं.

मी म्हणालो, ठीक आहे, सगळं सामान भराभर उतरवू. तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी अण्णासाहेब आले. रावेतच्या जुन्या शेतकरी घराण्यातले. जिथे आमची इमारत उभी आहे तिथे त्यांचा ऊस होता, त्यामुळे ते अजूनही आवारात बांधावरून चालल्यासारखे चालतात. त्यांनी नियम सांगितला. सामान पार्किंगमध्ये मांडायचं नाही, लॉबीत ठेवायचं नाही, ट्रकमधून थेट लिफ्टने वर न्यायचं. आणि वर तर आई बसलेली! देवांच्या आधी काही वर जाऊ शकत नव्हतं, सामान उतरल्याशिवाय देव निघत नव्हते, आणि उतरलेलं सामान ठेवायला सोसायटीत जागा नव्हती. डिस्पॅचच्या एवढ्या वर्षांत असा तिढा मी पाहिला नव्हता.

मग मला युक्ती सुचली. गाद्या आणि ट्रकचं छप्पर यांच्यात थोडी फट होती. मी म्हणालो, मी वरून सरपटत जातो आणि खोकं घेऊन येतो. रोहिदासने पायाला आधार दिला. गाद्या ओलांडल्या, सोफा ओलांडला, आणि कूलरवर पोहोचताच पोट छपराला टेकलं. पुढे जाता येईना, मागे येता येईना. पोकळी न ठेवण्याची माझी कला मला स्वतःलाच भोवली! तेवढ्यात मागच्या खिशात फोन वाजायला लागला. वर्षालीने गाद्यांवर चढून माझ्या खिशातला फोन काढला. आई विचारत होती, मी कुठं आहे.

"ते ट्रकमध्ये आहेत, आई," वर्षाली म्हणाली. "म्हणजे, अर्धे आहेत."

रोहिदासने आणि वॉचमनने एकेक पाय धरून मला बाहेर ओढलं. शर्टाचं एक बटण कूलरमध्ये राहिलं. आता एकच मार्ग होता. गेटबाहेरचा रस्ता सोसायटीचा नव्हता, तिथे अण्णासाहेबांचा नियम चालत नव्हता. आम्ही रस्त्यावरच संसार मांडायला सुरुवात केली.

आणि काय सांगू, तो छान मांडला गेला! सोफा फुटपाथला टेकून, समोर टीपॉय, बाजूला फ्रिज, पलीकडे दिवाण, त्यावर गाद्या. कोवळं ऊन पडलं होतं. चालून दमलेले दोन आजोबा येऊन सोफ्यावर बसले. एका बाईंनी दुलईचं कापड चोळून पाहिलं आणि सेल कधीपर्यंत आहे म्हणून विचारलं. मी सेल नाही म्हटलं तर त्यांना ते खरं वाटेना. स्कूटरवरचा एक गृहस्थ कूलरभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, थंडीत घेतलेला कूलर चांगला पडतो. मी एकेकाला हाकलत होतो, रोहिदास सामान ओढत होता, वर्षाली घड्याळ बघत होती.

इतक्यात सोसायटीच्या टाकीत पाणी भरणारा टँकर आला. रस्ता अरुंद, त्यात आमचा हॉल आणि बेडरूम. टँकरवाल्याने हॉर्न वाजवला. सोफ्यावरच्या आजोबांनी पाय तेवढे आत घेतले. पाचच मिनिटांत इमारतीतले नळ कोरडे पडले आणि लोक साबण लावलेल्या तोंडांनी बाल्कनीत आले. सोसायटीच्या ग्रुपवर नव्या मेंबरचा, म्हणजे माझा, उद्धार सुरू झाला. अण्णासाहेब तावातावाने आले आणि म्हणाले की आत्ताच्या आत्ता हे सगळं उचला.

तेव्हा मात्र वर्षाली पुढे झाली. तिचाही उपास होता, सकाळपासून पाण्याचा घोट नव्हता. तिने मला बाजूला केलं आणि त्यांना सरळ सांगितलं.

"काका, वर माझ्या सासूबाई दारात बसल्या आहेत. देव आत गेल्याशिवाय त्या उंबरा ओलांडणार नाहीत. बाराच्या आत देव निघाले नाहीत तर त्या आजच परत जातील. आणि देव आहेत त्या दोन कपाटांच्या मागे."

अण्णासाहेबांनी ट्रककडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"देव सगळ्यात मागं? कुनी भरला ह्यो ट्रक?"

वर्षालीने सांगितलं की मी भरला, आणि माझा हाच धंदा आहे. अण्णासाहेबांनी बाह्या सारल्या, वर बघून साबणवाल्यांना खाली बोलावलं आणि स्वतः कपाटाला हात घातला. मग काय विचारता! लोक टॉवेलवर धावत आले. सोफ्यावरचे आजोबा उठले, सेलवाल्या बाईंनी पदर खोचला, कूलरवाला स्कूटर लावून ट्रकमध्ये चढला. कपाटं माणसांच्या खांद्यांवरून बाहेर आली. गोधड्या दिसल्या. त्यांच्यामध्ये खोकं! मी ते उचललं तेव्हा सगळ्या रस्त्याने टाळ्या वाजवल्या आणि माझ्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.

आता पाण्याचा तांब्या. पण नळ तर कोरडे! अण्णासाहेबांनी टँकरवाल्याला पाईप सोडायला लावला. तांब्या भरला. सेलवाल्या बाईंनी वर सुपारी आणि आंब्याची डहाळी ठेवली, ती कुठून आणली देव जाणे. तांब्या वर्षालीच्या हातात, खोकं माझ्या डोक्यावर, आणि मागे निम्मी सोसायटी, अशी आमची मिरवणूक लिफ्टपाशी पोहोचली.

आई उठून उभी राहिली होती. माझ्या पॅकिंगची चिकटपट्टी काही सुटेना, आणि सुरी खाली रस्त्यावर. आईने क्षणभर खोक्याकडे पाहिलं.

"राहू दे," ती म्हणाली. "आहेत ना आत? तसेच येतील."

तिने दोन खोक्यांसकट देव उचलले, उजवं पाऊल उंबऱ्याच्या आत टाकलं, आणि रिकाम्या घराच्या मधोमध उभी राहून लहान मुलीसारखी रडली. अजून बारा वाजायचे होते. मीही रडलो. वर्षाली रडली आणि रडता रडता मला म्हणाली की आज तुम्हाला माफ.

मग दातांनी चिकटपट्टी सोडवली, डब्यातलंच वस्त्र अंथरून देव बसवले, आईने डब्यातलाच दिवा लावला. कितीतरी वेळ आम्ही तिघं तिथेच फरशीवर बसून होतो. घरात दुसरी वस्तू नव्हती, आणि तरी घर भरलेलं वाटत होतं. शेवटी आईने डोळे पुसले आणि म्हणाली की आता नव्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा दूध उतू घालायचं, मगच बाकीचं.

"जा, शेगडी तेवढी घेऊन ये."

मी बाल्कनीत गेलो. खाली टँकर गेटच्या आत उभा होता, पाणी धो धो पडत होतं. रस्ता मोकळा, स्वच्छ. सोफा नाही, दिवाण नाही, फ्रिज नाही. सामान आत ठेवायचं नाही हा नियम, आणि टँकरला वाट तर द्यायची. म्हणून साऱ्या शेजाऱ्यांनी मिळून, आम्ही देवापुढे बसलो होतो तेवढ्यात, आमचा अख्खा संसार पुन्हा ट्रकमध्ये भरून टाकला होता. रोहिदास दार लावत होता. अण्णासाहेब कमरेवर हात ठेवून आपलं काम न्याहाळत होते. चेहऱ्यावरचं समाधान मी ओळखलं, नांदेडात तेच माझ्या चेहऱ्यावर होतं.

"अण्णासाहेब," मी वरून हाक मारली, "शेगडी कुठं आहे?"

"शेगडी व्हय?" ते छाती काढून म्हणाले. "काळजी करू नका. लक्ष्मी हाय ती घरची. ती आमी सगळ्यात आधी चढवली!"