वहीतून वगळलेला मजकूर

सत्तावीस वर्षं बातमीदारी केली, पण माझ्या एकाही बातमीची चूकदुरुस्ती छापावी लागली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुमचं माझ्याबद्दलचं मत बिघडणार आहे.

संपादकांनी मला कोर्टाच्या बातम्यांवरून काढून ऑफिसात टेबलकामाला बसवायचं ठरवलं. कोर्ट तिसऱ्या मजल्यावर, आणि मी पहिल्यावरच धापा टाकतो. वर म्हणाले, "खाण्यावर जरा ताबा ठेवा." माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन थेट दवाखाना गाठला.

"लठ्ठपणा हा आजार आहे, आळस नव्हे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "रक्तदाबासारखाच वर्षानुवर्षं सांभाळावा लागतो." (हे वाक्य मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि संपादकांना कळवलं.) औषध सुरू झालं, चालणं सुरू झालं. शिवाय जे खाईन ते वहीत लिहायचं होतं. लिहिणं तर माझा धंदाच.

दोन महिन्यांत वजन दोनशे ग्रॅम उतरलं. डॉक्टरबाई वही चाळून गंभीर झाल्या.

"या वहीप्रमाणे तुम्ही जवळजवळ उपाशी आहात. औषध वाढवावं लागेल, तपासण्याही कराव्या लागतील."

"करा. तिसरा मजला चढल्याशिवाय मी थांबणार नाही."

"अहो," शेजारी बसलेली बायको म्हणाली, "तो ऑफिसातला केक?"

"तो कुणी दिला ते सांगता येणार नाही. मी सूत्रांची नावं फोडत नाही."

"नाव नको," डॉक्टरबाई म्हणाल्या. "केक सांगा."

"आणि ओट्याशी उभ्यानं खाता ते?" बायको थांबायला तयार नव्हती.

"ते ऑफ द रेकॉर्ड."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "मी याच वहीवर भरवसा ठेवून औषध वाढवणार होते."

अर्धवट माहिती देणाऱ्यांची मी आयुष्यभर सालटी काढली होती.

"तुम्ही खाता याचा मला राग नाही," त्या म्हणाल्या. "फक्त खरी वही आणा. मग तिसऱ्या मजल्याचं बघू."

घरी येऊन बसलो आणि दोन महिन्यांची चूकदुरुस्ती एका बैठकीत लिहून काढली. चार पानं झाली. केक, ओटा, काही लपवलं नाही. अभिमानानं बायकोपुढे ठेवली.

तिनं शेवटपर्यंत वाचली. "छान झालीय. फक्त लिहिताना खाल्लेली बिस्किटं राहिली."

मी निमूटपणे खाली लिहिलं : सहा.

तिनं पेन घेतलं, सहा खोडलं आणि आठ केलं.